गर्दीत आपण कोण असतो?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळी बाईंनी जुन्या हजेरीपटावरून आपली हजेरी घेतली. साठी ओलांडलेली माणसं ‘हजर बाई’ म्हणत उभी राहत होती आणि सगळा हॉल हसत होता. मग जे आता आपल्यात नाहीत, त्यांच्यातल्या पहिल्या नावापाशी बाई थांबल्या. हसू एकदम थांबलं. कुणी ‘शांत बसा’ म्हणालं नाही, घंटा झाली नाही, तरी सत्तर-ऐंशी माणसं एकाच क्षणी गप्प झाली.

हे कसं होतं, एवढाच माझा आयुष्यभराचा विषय. तीसएक वर्षं मी समाजशास्त्र शिकवलं. संयोजकांनी मला अर्धा तास दिलाय आणि अट घातली आहे, ‘कॉलेजात शिकवायचीस तसं शिकवू नकोस, झोप येते.’ अट मान्य आहे. म्हणून सुरुवात पुस्तकापासून न करता आपल्याच वर्गापासून करते.

नववीत विज्ञानाला काही आठवडे बदली सर आले होते, ते आठवतात का? मी नाव घेत नाही. हडकुळे, पांढरा शर्ट, खिशाला एकच पेन. तालुक्यापासून लांबच्या कुठल्याशा वाडीतून शिकून आलेले. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणायचे आणि ‘लोणी’ला ‘लोनी’. पहिल्याच तासाला आपण हसलो. दुसऱ्या आठवड्यात ती गुणगुण सुरू झाली. ओठ मिटलेले, नजर पुस्तकात आणि नाकातून एकच सूर. पाटाच्या पाण्यासारखा सगळ्या वर्गातून वाहणारा. सर डावीकडे गेले की उजवीकडून, उजवीकडे आले की मागून. कुणाला धरणार? एके दिवशी सर खडू खाली ठेवून खिडकीपाशी उभे राहिले. बराच वेळ पाठमोरेच होते. तास संपला तसे गेले. नंतर ते शाळेत आले नाहीत.

हेडसर वर्गावर आले. ‘कुणी सुरू केलं?’ कुणी बोललं नाही. सगळ्या वर्गाला ओणवं उभं केलं आणि जाताना हेडसर म्हणाले, ‘मेंढरं आहात, मेंढरं. डोकं एकालाही नाही.’

खरं सांगते, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मेंढरू म्हटलं की नाव विचारलं जात नाही.

हेडसरांनी वाचला असेल-नसेल, पण ते जे म्हणाले तो एक सिद्धान्त आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल बाँ नावाचे एक गृहस्थ होते. शिक्षण वैद्यकाचं, लिखाण जगातल्या सगळ्या विषयांवर. १८७१ साली पॅरिसमध्ये कम्यूनचा उठाव झाला, तो त्यांनी पाहिला आणि धास्ती घेतली. १८९५ साली त्यांचं गर्दीच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक आलं आणि युरोपभर वाचलं गेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : एकटा असताना माणूस शहाणा असतो. गर्दीत त्याला कुणी ओळखत नाही, म्हणून लाज जाते. मग साथीच्या रोगासारखी एकाची भावना दुसऱ्याला लागते. आणि शेवटी तो मोहिनी घातल्यासारखा होतो, पुढारी सांगेल ते करतो. गर्दीत शिरलेला माणूस संस्कृतीच्या शिडीवरून काही पायऱ्या खाली उतरतो. गर्दीची तुलना ते बायकांशी, मुलांशी आणि ‘रानटी’ लोकांशी करायचे. म्हणजे ज्यांना मत नव्हतं, त्या सगळ्यांशी. पुढे मुसोलिनीने या पुस्तकाची वाखाणणी केली, यात नवल नाही. गर्दीला डोकं नसेल तर तिच्यावर आपलं डोकं बसवायला कुणीतरी हवाच.

हा सिद्धान्त आजही आपल्या जिभेवर आहे. ‘जमाव बेभान झाला’, ‘लोंढा आला’, ‘मेंढरांसारखे धावले’, हे आपण रोज वाचतो. पण तो खरा आहे का?

आपल्याच गुणगुणीकडे पाहा. गणिताच्या सरांच्या तासाला आपण कधी गुणगुणलो? हिंमत नव्हती. प्रार्थनेच्या वेळी? कधीच नाही. आणि व्हरांड्यात हेडसरांच्या वहाणांचा आवाज आला की ती गुणगुण कशी थांबायची? सुरी फिरवल्यासारखी. साठ मुलं बेशुद्ध झाली होती म्हणावं, तर बेशुद्ध माणसाला व्हरांड्यातली पावलं कशी ऐकू येतात?

हीच शंका पुढच्या अभ्यासकांनी घेतली आणि कागदपत्रं उघडली. जॉर्ज रूदे नावाच्या इतिहासकाराने फ्रेंच राज्यक्रांतीतल्या गर्दीचा अभ्यास केला. त्याचं पुस्तक १९५९चं. बास्तीयचा तुरुंग पाडणारे म्हणजे गुंड, भुरटे, उपटसुंभ, असं तोवर मोठमोठ्या लेखकांनी लिहून ठेवलं होतं. रूदेने पोलिसांची दप्तरं आणि बास्तीय घेणाऱ्यांच्या नावांची यादी काढली. सहाशेंहून अधिक नावं, पत्ते आणि धंदे. बहुतेक सुतार, कुलूपवाले, चांभार, छोटे दुकानदार. घरदार असलेले, जवळच्याच वस्तीत राहणारे. पावाचे भाव चढलेले होते. ती माणसं कशासाठी निघाली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे रूदेने काय केलं? बाईंनी सकाळी केलं तेच. गर्दीची हजेरी घेतली.

इंग्लंडमध्ये ई. पी. थॉम्पसन यांनी १९७१ साली अठराव्या शतकातल्या धान्याच्या दंगलींवर एक लेख लिहिला. तिथे काय दिसलं? टंचाईत भाव चढले की लोक धान्य अडवायचे. पण लुटून पोबारा करायचे नाहीत. पुष्कळदा ते धान्य बाजारात ‘रास्त’ भावाने विकायचे आणि आलेले पैसे मालकाच्या हातात द्यायचे. काही ठिकाणी तर रिकामी पोतीसुद्धा परत केली. पोती परत करणाऱ्या जमावाला बेभान कसं म्हणायचं?

आणि अलीकडचं एक. २ एप्रिल १९८० रोजी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात सेंट पॉल्स या वस्तीत पोलिसांनी एका कॅफेवर धाड घातली आणि दंगल उसळली. स्टीफन रायशर या तरुण मानसशास्त्रज्ञाने त्या दिवसाचा बारकाईने अभ्यास केला. दगड कुणावर पडले? पोलिसांवर, त्यांच्या गाड्यांवर. घरांना धक्का लागला नाही. पोलीस वस्तीच्या हद्दीबाहेर गेले तिथे पाठलागही थांबला. रायशरचा निष्कर्ष सोपा आहे. गर्दीत माणूस स्वतःला हरवत नाही. तो ‘मी’वरून ‘आम्ही’वर येतो. आणि त्या ‘आम्ही’ला स्वतःचे नियम असतात, हद्द असते, कुणाला हात लावायचा आणि कुणाला नाही हे ठरलेलं असतं.

हे ‘आम्ही’ नेहमी दगडच उचलतं असं नाही. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्ब फुटले. अंधारात, धुरात, बोगद्यात अडकलेल्या प्रवाशांशी जॉन ड्र्युरी आणि त्याचे सहकारी नंतर बोलले. पळापळ, तुडवातुडवी झाली असेल असं आपल्याला वाटतं. त्यांना मदतीच्या हकिकती जास्त मिळाल्या. एकमेकांशी कधी शब्दही न बोलणारे प्रवासी त्या अंधारात एकमेकांचे झाले होते.

इथे मुंबईकर मान डोलावताहेत, मला दिसतंय. धावत्या लोकलच्या दारातून आत ओढून घेणारा हात कुणाचा होता, हे आपल्याला आयुष्यात कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग इतकी माणसं गर्दीत मरतात ती कशी? इथे आपल्या भाषेचं मला कौतुक वाटतं. इंग्रजीत ‘स्टँपीड’ म्हणतात. तो मुळात उधळलेल्या गुराढोरांसाठीचा शब्द. मराठी म्हणते ‘चेंगराचेंगरी’. विज्ञानही तेच म्हणतं. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाच्या पुढे माणसं गेली की कुणाचेच पाय कुणाच्या ताब्यात राहत नाहीत. मागचा धक्का लाटेसारखा पुढे जातो. माणसं उभ्या उभ्या, छाती फुगवायला जागा नाही म्हणून गुदमरतात. मागच्याला पुढचं दिसत नाही. तिथे कुणी वेडं झालेलं नसतं. जागा संपलेली असते.

२९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर २३ माणसं गेली. सकाळची ऑफिसची वेळ, वरून पाऊस, जिन्यात आडोशाला थांबलेली माणसं आणि मागून एकेका गाडीतून उतरणारी आणखी माणसं. ती सगळी कामावर निघाली होती. प्रश्न त्यांच्या डोक्याचा नव्हता, पुलाच्या रुंदीचा होता.

‘गर्दी बेभान असते’ हे म्हणणं सत्तेला किती सोयीचं पडतं, त्याचं उदाहरण इंग्लंडमधलंच देते. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो स्टेडियम, फुटबॉलचा सामना. बाहेर गर्दी झाली म्हणून पोलिसांनी एक फाटक उघडलं. लोक समोरच्या बोगद्यातून आधीच भरलेल्या, जाळीने बंद केलेल्या कप्प्यांत गेले. एकूण ९७ माणसं दगावली. पोलिसांनी दोष दिला प्रेक्षकांना : दारू प्यायलेले, बेशिस्त, दांडगट. मेलेल्यांच्या आईबापांनी हार मानली नाही. २७ वर्षांनी, २०१६ साली, ज्यूरीने निर्णय दिला की प्रेक्षकांचा दोष नव्हता. गर्दीला दोष दिला की पूल कुणी अरुंद ठेवला, फाटक कुणी उघडलं, हे विचारायचं राहून जातं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, ही गर्दीची वकिली करायला आली आहे. अर्धी खरी गोष्ट आहे. उरलेली अर्धी सांगते आणि ती आपल्याला टोचणारी आहे.

गर्दी वेडी नसेल, तर ती जे करते ते जाणून करते. मग गर्दीतल्या माणसालाही ‘मला कळलं नाही’ म्हणून सुटता येत नाही. ल बाँचा सिद्धान्त राज्यकर्त्यांना आवडतो तसा गर्दीत हात धुऊन घेणाऱ्यालाही आवडतो. राज्यकर्त्याला तो तुच्छता देतो, आपल्याला सबब देतो.

एकाच वर्षातल्या दोन गर्दी सांगते. वर्ष १९२७. जुलैची १५ तारीख, शहर व्हिएन्ना. एका मोर्चावर गोळ्या झाडून एक माणूस आणि एक लहान मुलगा यांना मारणारे आरोपी निर्दोष सुटले होते. कामगार चिडून न्यायालयाच्या इमारतीवर चालून गेले, ती पेटवली. पोलिसांनी गोळीबार केला आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. त्या गर्दीत बाविशीच्या उंबरठ्यावरचा रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी होता, एलिआस कॅनेटी. त्या दिवशी आपण गर्दीत कसे विरघळलो, हे कोडं त्याला सुटेना. त्याच्या मागे तो तीस वर्षांहून जास्त लागला आणि १९६० साली ‘गर्दी आणि सत्ता’ या विषयावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला. १९८१ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं.

कॅनेटी म्हणतो, माणसाला अनोळखी स्पर्शाची भीती वाटते. ती भीती फक्त गर्दीत जाते. आत सगळे सारखे होतात, त्या क्षणाचं सुख फार मोठं असतं. हे खरं आहे. पण मला त्याच्या ग्रंथातली दुसरी एक गोष्ट जास्त पटते, ती आज्ञेबद्दलची. तो म्हणतो, प्रत्येक आज्ञा पाळणाऱ्याच्या आत एक काटा सोडून जाते. आज्ञा पाळून होते, काटा तसाच राहतो, वर्षानुवर्षं. आणि आपल्याला जसा टोचला तसाच तो दुसऱ्या कुणाला टोचता आला, की मगच निघतो.

हे वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात होते आणि मला एकदम नववीचा वर्ग दिसला. आपण किती काटे बाळगून होतो! आज इथे बसलेल्या गुरुजनांबद्दल राग म्हणून सांगत नाही. तो काळच तसा होता. पट्टी, ओणवं, बाकावर उभं राहणं, सगळ्यांसमोर वाचलेले मार्क. ज्यांनी टोचले त्यांना परत करायची सोय नव्हती. मग पांढऱ्या शर्टातला एक माणूस आला, ज्याची नोकरी कच्ची, आवाज हळू आणि बोली ‘अशुद्ध’. साठ मुलांना एकदम कळलं की काटे कुठे काढायचे. हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि तरी सगळ्यांना येत होतं.

आता दुसरी गर्दी. तेच १९२७ साल, व्हिएन्नाच्या आधी चार महिने. गाव आपलं महाड. १९ आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. पण पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. २० तारखेला हजारो माणसं रांगेने, शांतपणे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. कॅनेटी म्हणतो तो स्पर्शाचा अडसर इथे वेगळ्याच अर्थाने मोडला. मग गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. दुसरी गर्दी जमली, लाठ्या घेऊन. मंडपात जेवणाऱ्या, परतीच्या वाटेवर असलेल्या माणसांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही. नंतर गोमूत्र-शेणाने तळ्याचं ‘शुद्धीकरण’ही झालं.

एका गावात, एका दिवशी, दोन गर्दी. दोन्ही शुद्धीवर होत्या. पहिलीच्या मनात एक नियम होता, माणूस म्हणून पाणी प्यायचं. दुसरीच्या मनातही नियमच होता, शेकडो वर्षांचा. मारणारे बेभान नव्हते. कुणाला मारायचं हे त्यांना नेमकं माहीत होतं. पुढे काहींवर खटले झाले, शिक्षाही झाल्या. म्हणजे कोर्टात त्यांना नावं मिळाली.

‘पानी’ म्हणणाऱ्या माणसावर आपण का हसलो, याचं उत्तर मला याच्या जवळपासच कुठेतरी सापडतं. मोठा प्रसंग आणि आपला पोरकटपणा एका तागडीत घालायचा नाही. पण कुणावर हसायचं, हा नियम आपणही घरूनच घेऊन आलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. आता कोण जमतं? प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये असतो. यावरही एकाने सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. गाब्रिएल तार्द, ल बाँच्याच काळातले, पेशाने न्यायाधीश. १९०१ साली त्यांनी म्हटलं की येणारा काळ गर्दीचा नव्हे, वाचकवर्गाचा आहे. एकच वर्तमानपत्र वाचणारी माणसं एकमेकांना न भेटता, आपापल्या घरात बसून, एकाच वेळी चिडतात, एकाच वेळी खूश होतात. त्यांनी आपला वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप पाहिला नव्हता, पण वर्णन चुकलेलं नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज गावोगाव फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत त्या गावात आली होती, सोलापूर जिल्ह्यातून. आठवडी बाजाराचा दिवस. त्या पाचही जणांना ठेचून मारलं. ‘जमावाने मारलं’ असं सगळीकडे छापून आलं. पण तो मेसेज जमावाने पाठवला नव्हता. तो एकेका माणसाने, एकेका अंगठ्याने पुढे पाठवला होता. ‘खरं असो-नसो, सावध असलेलं बरं’ म्हणून. असे मेसेज आपल्या ग्रुपवर येत नाहीत, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? मी म्हणणार नाही. मीही पाठवलेत.

तर मग करायचं काय? गर्दी टाळून जगता येत नाही आणि टाळूही नये. ज्या गोष्टी एकट्याला साधत नाहीत त्या गर्दीलाच साधतात. चवदार तळ्याचं पाणी हे त्याचं उदाहरण आहे. प्रश्न एवढाच की ‘आम्ही’ झाल्यावर त्यात ‘मी’ला जागा ठेवायची कशी.

याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, वारीत मिळालं. आळंदीहून पंढरपूरला जाणारी लाखोंची गर्दी, पण ती नुसती गर्दी नाही. रथापुढच्या, रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले, प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या दिंडीचा. म्हणजे हजेरीपट आहे. वारीचं फाजील गोडवं गाऊ नये. इरावतीबाई कर्वे दिंडीतून चालल्या आणि एकत्र अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांनी दुखऱ्या मनाने लिहून ठेवलं. ‘गर्दीत सगळे सारखे होतात’ या कॅनेटीच्या वाक्याला ती आपल्या मातीतली दुरुस्ती आहे.

पण वारीतली एक रीत मला फार आवडते. मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीच्या वेळी सगळ्या दिंड्या टाळ वाजवत उभ्या असतात. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात बंद होतात. अगदी सकाळी आपलं हसू थांबलं तसे. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती आपले टाळ थांबवत नाही. एवढ्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, मगच आरती पुढे सरकते.

केवढी शहाणी सोय आहे! लाखोंची गर्दी एका वेगळ्या आवाजासाठी थांबते. त्याला फितूर म्हणत नाही, गप्प बस म्हणत नाही. ज्या गर्दीत असा एक टाळ वाजू शकतो ती मला धोक्याची वाटत नाही. जिथे तो वाजू देत नाहीत तिथून, माणसं कितीही चांगली असोत, मी उठून येते. ग्रुपवरही हेच करता येईल. ‘हे खरं आहे का, कुणी पाहिलंय?’ एवढं एकाने विचारलं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर तुटून न पडता ऐकलं, तरी पुष्कळ झालं.

त्या नववीच्या वर्गात एक टाळ वाजला असता तर? एकाने जरी ‘पुरे रे’ म्हटलं असतं तर? मला वाटतं, आपण थांबलो असतो. पुष्कळ जणांना थांबायचंच होतं, हे मला नंतर काही जणांनी सांगितलं. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत होता.

आता शेवटचं. हेडसरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. ‘कुणी सुरू केलं?’

त्या शेवटच्या दिवशी पहिली गुणगुण माझी होती. मुलींच्या रांगेत, तिसऱ्या बाकावर. मुलींवर कुणाचा संशय यायचा नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच मी सुरू केली. आदल्या तासाला मला बाकावर उभं केलं होतं, तो काटा होता. तो काढायला मला ते सर सापडले. गर्दीची मानसिकता, वयाचा दोष, सगळी उत्तरं मला येतात. ती शिकवून मी पगार घेतला. पण शिकवताना प्रत्येक वर्षी ल बाँ आला की मला ती खिडकी आणि ती पाठ दिसायची.

ते सर कुठे असतील मला माहीत नाही. आमच्यामुळेच गेले की त्यांची मुदत संपली होती, हेही कधी कळलं नाही. असतील तर आता ऐंशीच्या घरात असतील. इथल्या गुरुजनांपैकी किंवा तुमच्यापैकी कुणाला त्यांचा पत्ता, गाव, काहीही ठाऊक असेल तर मला सांगा. मी पत्र लिहून ठेवलं आहे. ‘आमच्या वर्गाकडून’ अशी सुरुवात केली होती, ती खोडली. खाली माझं एकटीचं नाव घातलं आहे. कागदावर जागा बरीच शिल्लक आहे. ज्यांना वाटेल त्यांनी आपलं नाव लिहावं. पण नावच लिहावं. ‘वर्ग’ नको.

पत्ता मिळाला नाही तर ही स्मरणिका तरी कधी त्यांच्या हाती पडेल, या आशेवर हे भाषण लिहून देते आहे.

सर, विज्ञान तुम्ही चांगलं शिकवत होता. मी ऐकत नव्हते, एवढंच.

बाई, हजेरी घेतलीत, बरं केलंत. मी हजर आहे.